बेटाची मालकीण



मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली, हे आपण सगळ्याजणी शाळेत शिकलो. पोर्तुगालची राजकन्या, इंग्लंडचा राजा, आणि आंदण म्हणून एक बेट. परीक्षेत एका मार्काचा प्रश्न असायचा आणि तो सगळ्यांना यायचा. पण हुंडा म्हटलं की आपल्याला लगेच पुढचे प्रश्न सुचतात, नाही का? कुणी दिला, कुणी मोजून घेतला, कुणाच्या घरात बसून याद्या झाल्या, आणि जिच्या नावाने दिला तिच्या हातात काय पडलं? मुंबईच्या बाबतीत हे प्रश्न शाळेत कुणी विचारले नाहीत. त्यांची उत्तरं मात्र कागदावर आहेत.

मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं ते १८ फेब्रुवारी १६६५ या दिवशी. त्या दिवशीचा ताबेपत्राचा कागद टिकला आहे. तो किल्ल्यात किंवा चर्चमध्ये झाला नाही. बंदराच्या काठावरच्या एका मोठ्या घरात झाला, आणि ते घर एका बाईचं होतं. तिचं नाव दोना इनेस द मिरांडा. पोर्तुगीज कागदांत तिला 'बेटाची मालकीण' म्हटलं आहे. आज मी तुम्हाला त्या घराची गोष्ट सांगणार आहे. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. त्याभोवतीचे माड, भातखाचरं, आणि तिथे राबणारी माणसंही त्यात आली.

आधी जागा डोळ्यांसमोर आणूया. आजची मुंबई म्हणजे सात बेटं जोडून केलेली सलग जमीन. कुलाबा, धाकटं कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात. त्यातलं जे मुंबई बेट, त्याच्या पूर्वेच्या अंगाला खोल पाण्याचं बंदर. पावसाळ्यात पश्चिमेचा समुद्र खवळतो तेव्हा या बाजूला गलबतं सुरक्षित राहतात, कारण बेटाची पाठ वाऱ्याकडे असते. या बंदराच्या काठी ते घर होतं. तुम्ही कधी मुंबईत फोर्ट भागात गेला असाल तर एशियाटिक सोसायटीच्या पांढऱ्या पायऱ्या पाहिल्या असतील, सिनेमात तर नक्कीच. त्या इमारतीच्या मागे, आज जिथे नौदलाचा तळ आहे, तिथे हे घर. समोर पाणी, पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगर, उजवीकडे लांबवर करंजाचा डोंगर, म्हणजे आपलं उरण.

या जागेवर आधी कोण होतं? कोळी होते. त्यांची मुंबादेवी होती, तिच्यावरूनच बेटाचं नाव. पाणथळ जागी भात लावणारे कुणबी होते, माडावर चढून माडी काढणारे भंडारी होते. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईच्या तहात हा सारा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुघलांचा हुमायून त्याच्या मागे लागला होता, त्याला मदत हवी होती. बेटावरच्या माणसांना त्या तहाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नकोच.

पोर्तुगीजांची एक पद्धत होती. राजाने सरदाराला किंवा चाकरी केलेल्या माणसाला एखादं गाव, एखादं बेट द्यायचं, आणि त्याने दरवर्षी ठरलेली रक्कम भरायची. त्या रकमेला ते 'फोरो' म्हणत. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसायला किंवा कसवून घ्यायला मोकळीक, पण फोरो चुकता कामा नये, आणि गरज पडली तर राजाच्या मदतीला हत्यार घेऊन यायचं. मुंबईत 'फोरास रोड' नावाचा रस्ता आहे ना, त्याचं नाव याच शब्दावरून आलं. शब्द असे चारशे वर्षं टिकतात.

साधारण १५५४ च्या सुमारास मुंबई बेट अशाच फोरोवर एका डॉक्टरला मिळालं. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. वर्षाला चौदाशेहून थोडे अधिक पर्दाव, म्हणजे त्या काळचं गोव्याकडचं नाणं, त्याने भरायचे होते. हा माणूस राहायचा गोव्यात, तिथे त्याचा दवाखाना आणि औषधी झाडांची बाग. मुंबई ही त्याची वाडी, त्याचं उत्पन्न. बंदराकाठच्या थोरल्या घराची सुरुवात त्याच्याच काळातली मानतात.

या गार्सियाने एक पुस्तक लिहिलं. १५६३ साली गोव्यात छापलेलं, हिंदुस्थानातल्या औषधी, फळं आणि मसाले यांच्याबद्दलचं. हिंदुस्थानच्या भूमीवर छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. सगळं पुस्तक संवादाच्या रूपात आहे. पाहुणा विचारतो, गार्सिया सांगतो. आंब्याचं प्रकरण येतं तेव्हा मुंबईहून त्याचा खंडकरी आंब्यांची भेट घेऊन दारात हजर होतो. गार्सिया कौतुकाने सांगतो की त्या बेटावरच्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरतं, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा नाताळच्या सुमाराला. घारापुरीची लेणीही त्यात आहेत. पूर्वी पाहिली तेव्हा केवढी देखणी होती आणि आता गुरांनी नासधूस केली आहे, अशी हळहळ तो करतो. या मुलखात भात आणि कडधान्यं पिकवणारे कुणबी, बागा राखणारे माळी, वसुलीचे हिशेब ठेवणारे प्रभू, यांचीही नोंद त्याने केली आहे.

आणखी एक माणूस त्या पुस्तकात येतं, ज्याच्याकडे वाचणाऱ्यांचं फारसं लक्ष जात नाही. आंतोनिया नावाची दासी. गार्सिया हाक मारतो, ती अमुक फळ आण, तमुक मूळ आण म्हटलं की घेऊन येते. कुठली वनस्पती कुठे ठेवली आहे हे तिला माहीत आहे, ती ओळखता येते, तिचं काय करायचं हेही कळतं. पुस्तकावर नाव डॉक्टरचं. पण मैत्रिणींनो, औषधाच्या बरण्या कुणाच्या हाताखालून जात होत्या हे पुस्तकच सांगतं.

आता या घराण्यातल्या एका बाईबद्दल सांगायला हवं. गार्सियाचं घराणं मुळात ज्यू. स्पेनमधून ज्यूंना हाकललं तेव्हा पोर्तुगालात आलं आणि तिथे जबरदस्तीने ख्रिस्ती करण्यात आलं. अशा लोकांवर कायम संशय असे की हे घरात गुपचूप जुना धर्म पाळतात. गार्सियाची आई आणि बहिणी नंतर पोर्तुगाल सोडून त्याच्याकडे गोव्यात आल्या. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने चालणारं न्यायालय, गोव्यातही आलं. गार्सिया हयात होता तोवर बड्या लोकांशी असलेल्या ओळखींमुळे घर वाचलं. तो १५६८ मध्ये वारला आणि लगेच त्याच्या बहिणीला, कातारिनाला, धरलं. १५६९ मध्ये तिला गोव्यात जिवंत जाळलं. पुढे १५८० मध्ये खुद्द गार्सियाची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. ज्याच्या पुस्तकाचा युरोपात लॅटिन तर्जुमा होऊन नाव झालं, त्याच्या घरच्यांवर ही वेळ आली. त्याला त्याच्या हयातीत हात लावता आला नाही म्हणून शिक्षा पहिली बहिणीने भोगली.

त्यानंतरची शंभर वर्षं घर हातोहात फिरत राहिलं. दर वेळी बेट सोबत जात होतं, आणि बेटाबरोबर उत्पन्न. हे उत्पन्न यायचं कशातून? मुख्य म्हणजे माडांतून. कोकणातल्या बायकांना हे मी काय सांगायचं! नारळ, खोबरं, तेल, झावळ्या, सुंभ आणि माडी. पोर्तुगीज माडाच्या बागेला 'होर्ता' म्हणत, इंग्रजांनी त्याचं 'ओर्ट' केलं आणि मुंबईच्या जुन्या दस्तांत हा शब्द जागोजाग आढळतो. आपण म्हणतो वाडी. वाडीचा मालक एक, आणि राबणारे हात शंभर. माडावर चढायचं काम भंडाऱ्याचं. सोडण कुजवायचं, बडवायचं, सुंभ वळायचं, हे काम बहुतेक बायकांचं. खाचरात चिखलात उभं राहून भात लावायचं, तेही बायकांचं. मासळी पकडणारे कोळी, पण ती डोक्यावर घेऊन विकणारी कोळीण. या कुणाचंही नाव फोरोच्या कागदावर नव्हतं. कागदावर ज्याने पैसे भरले त्याचं नाव. पैसे ज्यांच्या घामातून आले ते त्या नावाखाली गडप.

आता येऊ हुंड्याकडे.

१६६१ च्या जून महिन्यात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार झाला. पोर्तुगालला स्पेनच्या भीतीने इंग्रजांची साथ हवी होती, इंग्रज राजाला पैसे हवे होते. रोख मोठी रक्कम, आफ्रिकेच्या उत्तर टोकाचं टँजिअर शहर, आणि मुंबईचं बेट असा हुंडा ठरला. १६६२ च्या मे महिन्यात लग्न झालं. कॅथरिनने मुंबई आयुष्यात कधी पाहिली नाही. हुंडा तिच्या नावाने गेला, तिच्या हातात त्यातली मूठभर मातीही आली नाही. हे वाचताना माझ्या मनात आपल्याकडची कितीतरी लग्नं येऊन गेली.

बेट घ्यायला इंग्रजांचं आरमार सप्टेंबर १६६२ मध्ये आलं. बरोबर सर अब्राहम शिपमन आणि शेकडो सैनिक. पण गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो ताबा देईना. त्याला हे बंदर किती मोलाचं आहे ते ठाऊक होतं. कागदपत्रांत खोट काढून त्याने चालढकल केली. शिपमनला सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन थांबावं लागलं. तिथे ना धड अन्न ना धड निवारा. ताप, हगवण, पाऊस. शिपमन १६६४ मध्ये तिथेच मेला आणि त्याचे बहुतेक सैनिकही. शेवटी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक उरलेल्या थोड्या माणसांचा मुखत्यार झाला. त्याच्याशी व्हाइसरॉयने १४ जानेवारी १६६५ रोजी चौदा कलमांचा करार केला आणि मग ताबा द्यायचं ठरलं.

१८ फेब्रुवारीला सगळे दोना इनेसच्या घरी जमले. ती दों रोद्रिगो द मोन्सांतो याची विधवा. नवऱ्यामागे बेट तिच्याकडे होतं. गोव्याहून पोर्तुगीज खजिन्याचा बडा अधिकारी आणि न्यायाधीश आले होते, वसईचा लेखक कागद लिहायला बसला होता. हुकूमनामे मोठ्याने वाचले गेले. मग कुक बाहेर पडला, बेटावर चालला, हातात माती आणि दगड उचलून घेतले, बुरुजांवर फिरून आला. ताबा घेण्याची ती रीत होती. आपल्याकडे शेत विकलं की बांधावर जाऊन हद्दी दाखवतात, तसंच काहीसं. हे सगळं कागदात लिहिलेलं आहे. इनेसचं घर कागदात आहे, तिचं नाव आहे, नवऱ्याचं नाव आहे. तिचं बोलणं मात्र एक शब्दही नाही.

पण त्या चौदा कलमांत ती आहे, आणि ठळकपणे आहे. एका कलमाने तिला संरक्षण दिलं. तिच्या ताब्यातल्या मालमत्तेला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही. बेटाच्या रक्षणासाठी किल्ला बांधायला जागा लागली तरच घ्यायची, आणि तीसुद्धा रास्त किंमत मोजून. तिच्या पश्चात मात्र ती मालमत्ता इंग्रजांना किंमत देऊन घेता येईल. दोन राज्यांच्या करारात एका विधवेच्या घराची आणि माडांची अशी तजवीज व्हावी, ही काही छोटी गोष्ट नाही. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं.

पण कलमं पुढे वाचत गेलं की बरं वाटणं थांबतं. त्याच करारात कुणबी आणि भंडारी यांचाही उल्लेख आहे. तो असा, की पोर्तुगीजांच्या हद्दीतल्या गावांमधले कुणबी, भंडारी आणि इतर माणसं पळून मुंबईत आली तर इंग्रजांनी त्यांना आसरा द्यायचा नाही, त्यांना ताबडतोब परत करायचं. विणकर, सुतार अशा कारागिरांनाही बोलावून ठेवून घ्यायचं नाही. म्हणजे बघा, एकाच कागदात विधवेचं घर सुरक्षित केलं आणि राबणाऱ्या माणसाला गावाशी दावणीला बांधलं. ती माणसं जमिनीबरोबर मोजली जात होती. माड इतके, खाचरं इतकी, कुणबी इतके. ते पळून जात असतील याची भीती होती म्हणून तर कलम घालावं लागलं. सुखात असलेलं माणूस रात्रीतून खाडी ओलांडून पळत नाही.

आणखी एक कलम मला आवडतं. साष्टी, करंजा आणि आसपासच्या पोर्तुगीज हद्दीतल्या लोकांना या बंदरात आणि खाडीत मोकळेपणाने मासेमारी करता येईल, इंग्रजांनी त्यांना अडवायचं नाही, कर मागायचा नाही, असं ते कलम. पाण्यावरचा कोळ्यांचा हक्क निदान त्या दिवशी कागदावर आला.

हा करार टिकला का? इंग्लंडच्या राजाला तो पटला नाही. कुकने फार सैल हाताने सही केली असं त्याचं म्हणणं पडलं. कुकला काढून १६६६ मध्ये सर जर्वास लुकासला पाठवलं. पुढे राजाला हे लांबचं बेट परवडेना, कारण त्याचा खर्च उत्पन्नाहून जास्त. मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड खंडाने. हुंड्यात आलेलं बेट सात वर्षांत भाड्याने गेलं. राजाने पौंड मोजले, कंपनीने बंदर घेतलं, आणि इनेसचं घर झालं कंपनीच्या गव्हर्नरचं घर.

१६७३ च्या अखेरीस जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर मुंबईत आला. त्याने या घराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. इंग्रजांना घर मिळालं तेव्हा ते मोक्याच्या जागी होतं पण संरक्षण अगदी तुटपुंजं, चार पितळी तोफा हाच सगळा बंदोबस्त. घराभोवती मात्र देखणी बाग, हिंदुस्थानातली सगळ्यात रम्य म्हणून तिचा लौकिक. शत्रूशी लढण्यासाठी नव्हे तर सुखाने फिरण्यासाठी केलेली, असं तो गमतीने म्हणतो. तो आला तोवर त्या बागेचे बुरूज झाले होते, सावलीच्या मांडवांच्या जागी तोफा आल्या होत्या. वाडीचा किल्ला झाला. तोच 'बॉम्बे कॅसल'.

त्याच सुमारास गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने जमिनीचा घोळ मिटवायला घेतला. कुणाची जमीन कुणाची, कागद कुठे, राजाची किती आणि रयतेची किती, यावर रोज भांडणं. १६७२ ते १६७४ या काळात कंपनी आणि बेटावरचे जमीनधारक यांच्यात करारनामा झाला. सगळ्यांनी मिळून वर्षाला वीस हजार झेराफिन भरायचे आणि ज्याच्याकडे जी जमीन आहे ती त्याच्याकडे कायम. मुंबईच्या जमिनीच्या कागदांचा हा पाया. ज्यांच्याजवळ दाखवायला काहीतरी होतं ते या व्यवस्थेत मालक ठरले. ज्यांच्याजवळ फक्त हातातले घट्टे होते त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कसवणूक या हिशेबात मालकी म्हणून आली नाही. बेटाची वस्ती मात्र वाढत गेली. फ्रायरच्या मते पोर्तुगीजांच्या वेळी दहा हजार होती ती साठ हजारांवर गेली. पळून आलेल्यांना परत करायचं कलम कागदावरच राहिलं असं दिसतं, आणि ते बरंच झालं.

पुढचं थोडक्यात सांगते. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने बेटावर उतरून वेढा दिला. इंग्रज याच किल्ल्यात कोंडले गेले आणि वर्षभराहून अधिक काळ ते संकट राहिलं. १७१५ पासून गव्हर्नर बूनने किल्ल्याबाहेरच्या शहराभोवती कोट बांधायला घेतला. या कोटाच्या आणि पुढच्या मोकळ्या मैदानाच्या पायी मुंबादेवीचं जुनं देऊळही जागचं हललं. ज्या देवीचं नाव बेटाला, तिलाही आपलं घर सोडून भुलेश्वरात जावं लागलं. याच बूनने १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमार पाठवलं आणि हात हलवत परत आणलं. अठराव्या शतकात गव्हर्नर दुसरीकडे राहायला गेले, जुन्या घरात कचेऱ्या आणि कोठारं आली. १८६० नंतरच्या दशकात बार्टल फ्रिअरने शहराचा कोट पाडला, पण बंदराकाठचा कॅसलचा भाग लष्कराकडे म्हणून राहिला.

आज तिथे आपल्या नौदलाचा तळ आहे आणि १९५१ पासून त्याचं नाव आय.एन.एस. आंग्रे. ज्या किल्ल्यातून कान्होजींवर स्वाऱ्या निघाल्या, त्याच किल्ल्याला कान्होजींचं नाव! हे वाचून आपल्याला हसूही येतं आणि छातीही फुगते. आत पोर्तुगीज काळातलं दगडी दार आहे, त्यावर पोर्तुगीज शिपाई कोरलेले आहेत, एक जुनं सूर्यघड्याळ आहे. लष्करी जागा असल्याने आपल्याला सहज आत जाता येत नाही. पण एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून, पाठीमागे हे सगळं आहे एवढं मनात आणता येतं.

मग या गोष्टीचं आपल्याला काय? सांगते.

चारशे वर्षांच्या या हकिकतीत ज्या बायकांची नावं कागदावर आली त्या मोजक्या. कॅथरिनचं आलं ते हुंड्याच्या करारात. कातारिनाचं आलं ते खटल्यात. आंतोनियाचं आलं ते मालकाच्या पुस्तकात, हाक मारण्यापुरतं. एकट्या इनेसचं नाव मालकीण म्हणून आलं, आणि ते सुद्धा नवरा गेल्यावर. पण ते आलं होतं म्हणूनच करार करायला बसलेल्या दोन राज्यांच्या माणसांना तिच्यासाठी एक कलम लिहावं लागलं. सुंभ वळणारी, भात लावणारी बाई कुठेच आली नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी काही लिहिलंही नाही. पुढे कुणी वचन मोडलं तर इनेसच्या वारसांना दाखवायला कागद होता. त्या बाईकडे दाखवायला काही नव्हतं.

आपल्या सातबाऱ्यावर दोन प्रकारची नावं असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. एक भोगवटादाराच्या रकान्यात आणि दुसरी 'इतर हक्क' या रकान्यात. आपल्याकडे वारसनोंद करताना मुलांची नावं पहिल्या रकान्यात आणि आईचं, बहिणींचं नाव 'इतर हक्कां'त टाकायची सवय फार जुनी. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा कायद्याने आहे. त्याआधीही शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत गावोगाव शेतकऱ्यांना सांगितलं होतं की घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा, आणि कितीतरी जणांनी ती केली. तरी आजही भाऊबीज, माहेरपण, 'घरात वाद नको' असं म्हणत हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते, आणि आपण करतो. करायची की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावं. माझं म्हणणं एवढंच, की सही करण्याआधी कागद पूर्ण वाचावा किंवा विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यावा. आपण काय सोडतोय हे कळून सोडावं.

आणि ज्यांच्या घरी सोडण्याजोगीही जमीन नाही, ज्या दुसऱ्याच्या वाडीत, दुसऱ्याच्या रानात राबतात, त्यांच्यासाठीही कागद असतात. रोजगार हमीचं जॉबकार्ड, रेशनकार्ड, घरकुलाची यादी, ग्रामपंचायतीचा नमुना आठ. त्यावर आपलं नाव आहे का, बरोबर लिहिलंय का, नवऱ्याच्या नावाखाली 'व इतर' मध्ये तर गेलं नाही ना, हे या आठवड्यात एकदा पाहून या. तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे एकटीने जायला अवघड वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा. बचत गटाच्या बैठकीला निघालातच तर वाटेत हेही काम होईल. उतारा हातात आला की मोठ्याने वाचा. आपलं नाव मोठ्याने वाचायला छान वाटतं.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाही विचारा, की आपली वाडी, आपलं शेत आधी कुणाच्या नावावर होतं आणि कसत कोण होतं. दोन्ही नावं लिहून ठेवा.